तुटीचा हिशेब कोणाच्या नावे?

हवामानबदलास अवघी मानवजात जबाबदार आहे, हे वाक्य मंत्र्यांपासून कारखानदारांपर्यंत सर्वांच्या तोंडी असते. ऐकावयास ते उदात्त वाटते. प्रत्यक्षात ते हिशेब दडपणारे आहे.

उत्तर ध्रुवप्रदेशातील स्वालबार्ड बेटांवर नी-ऑलसुंड ही वस्ती आहे. २००८ पासून तेथे भारताचे 'हिमाद्री' संशोधन केंद्र असून त्याचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय संस्था पाहते. वस्ती मुळात कोळसा खाणीची. १९६२ च्या स्फोटात २१ खाणकामगार ठार झाले, नंतर खाण बंद पडली. कोळशाने तेथे पहिले बळी घेतले ते मजुरांचेच. या वस्तीलगतच्या लहान हिमनद्यांचा जमाखर्च १९६० च्या दशकापासून मांडला जात आहे. हिवाळ्यात पडणारे हिम ही जमा, उन्हाळ्यात वितळणारे बर्फ हा खर्च. आणि जवळजवळ प्रत्येक वर्ष तुटीचे! मोठ्या हिमनदीचा उगम उंचावर असल्याने तेथे हिम टिकते. लहानीला असा राखीव साठा नसतो. उन्हाळी हिमरेषा तिच्या माथ्यापलीकडे सरकली की जमेची बाजू कोरीच राहते, आणि ती मुद्दल खाऊ लागते. कोरडवाहू शेतकऱ्यास हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुराने माढा-मोहोळातील उभी पिके बुडविली. या पुरास ध्रुवावरील बर्फ कारण झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते, आणि दोन्हीकडे तापविणारा धूर एकच आहे. त्या धुरात सोलापुरात विड्या वळणाऱ्या स्त्रीचा वाटा किती? दरवर्षी दरडोई कार्बन डायऑक्साइड अमेरिकेत सुमारे १४ टन, भारतात सुमारे २ टन. पण हे २ टनही सरासरीचे, बंगला आणि झोपडी एकत्र भागून काढलेले. परदेशात याच सरासरीची ढाल पुढे करणारे आपले धनिक मायदेशी तिच्याच आड लपतात.

उजनीच्या कालवा सल्लागार समितीची बैठक भरेल तेव्हा कार्यकर्त्यांनी हाच जमाखर्च मागावा: तुटीच्या वर्षी उसाला किती पाणी गेले, ज्वारीला किती, कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या गावांना किती. ते आकडे चावडीवर लागल्याखेरीज पुढचे आवर्तन ठरू देता कामा नये.