वापसा कुणी ठरवायचा?



चाकाखाली माती किती खोलवर दबते, याचा हिशोब आता संगणक करतो. डेन्मार्क आणि स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी यासाठी 'टेरानिमो' नावाचा प्रोग्राम तयार केला आहे. चाकावरचा भार, टायरमधली हवा, मातीतली चिकण आणि ओल एवढे त्याला सांगायचे. कोणत्या खोलीवर दाब मातीच्या सोसण्यापलीकडे जातो, ते तो रंगांनी दाखवतो. हिरवे असेल तर चला, लाल असेल तर थांबा.

आपण यालाच वापसा पाहणे म्हणतो. मूठभर माती दाबून आपले वडील सांगत, आज वखर नको. मग संगणक कशाला? कारण मुठीत येते ती वरची माती. पीक जगते ते खालच्या मातीवर. रब्बी ज्वारी तर बहुतेक साठलेल्या ओलीवरच पोसते. तळ घट्ट झाला की पाऊस मुरत नाही, वाहून जातो, आणि कोरडवाहू शेतकऱ्याचे तेवढेच भांडवल जाते.

२०२२ साली थॉमस केलर आणि दानी ओर या शास्त्रज्ञांनी असाच हिशोब जगभरच्या यंत्रांचा मांडला. १९५८ च्या सुमारास भरलेले कापणी-मळणी यंत्र ४ टनांचे होते, २०२० पर्यंत ते ३६ टनांचे झाले. टायर रुंद झाले, म्हणून पृष्ठभागावरचा दाब फारसा वाढला नाही. खालचा मात्र वाढतच गेला. रुंद टायर वरचा थर वाचवतो, पण तळाला एकूण वजनच भोवते. ऑस्ट्रेलियातही आपल्यासारखीच भेगाळणारी काळी जमीन आहे, त्यांच्याकडचे कापूस वेचणी यंत्र ३० टनांहून जड आहे. तिथले जाणकार सांगतात, सगळी यंत्रे एकाच ठरलेल्या चाकोरीतून चालवा, उरलेल्या रानावर चाक नको.

कुणी म्हणेल, आमचा ट्रॅक्टर दोन टनांचा, आम्हाला काय त्याचे? पण नांगरताना त्याचे एक चाक तासातून चालते, म्हणजे थेट तळावरून. ओली काळी माती थोड्या वजनालाही दबते. आणि बहुतेकांचा ट्रॅक्टर भाड्याचा. तो वापसा आल्यावर येत नाही, त्याची पाळी आल्यावर येतो. नांगरटीचा दिवस जमीन ठरवत नाही, भाड्याची रांग ठरवते. खरे दुखणे इथे आहे, आणि ते कोणताही संगणक बरे करणार नाही. ते गावाने एकत्र बसून, आधी कुणाचे रान, मग कुणाचे, हे ठरवूनच सुटेल.

दुसरी गोष्ट. या प्रोग्रामांमागची मोजमापे मुख्यतः युरोपातल्या जमिनींची आहेत. आपली जमीन फुगते, आकसते, भेगाळते. भेगांनी ती काही अंशी सैल होते, पण दरवर्षी दाबली तर किती सावरते, हे इथेच मोजावे लागेल. २०१५ पासूनच्या जमीन आरोग्य पत्रिकेत बारा घटक आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, सामू, सगळे आहे. जमीन किती घट्ट आहे आणि पाणी किती वेगाने मुरते, हे मात्र त्यात नाही. खताचा हिशोब आहे, पाण्याचा नाही! अकोला आणि परभणीच्या कृषी विद्यापीठांनी तालुक्यातालुक्यातली काळी जमीन वेगवेगळ्या ओलीला मोजावी आणि निष्कर्ष मराठीत गावापर्यंत पोचवावेत, ही मागणी जिल्हा बैठकीने करावी.

तोवर एवढे करा. नांगर जितका खोल जातो, तिथली माती काढून तळहातावर वळा. बारीक वात वळली तर ट्रॅक्टर परत पाठवा. कापूस संपल्यावर शेतात पाच ठिकाणची पऱ्हाटी कुदळीने मुळासकट काढा. सोटमूळ सरळ न जाता एकाच खोलीवर आडवे वळले असेल, तर तळ घट्ट झाला आहे. ती मुळे बैठकीला घेऊन या. साहेबांपुढे टेबलावर ठेवायला तोच आपला पुरावा आहे.