शिट्ट्या कुणाला, शिव्या कुणाला



पोटगीचे दावे, कंत्राटी कामगार बायकांची थकलेली मजुरी, दारू असे प्रश्न समोर असताना संपादकीयात मोटारींच्या शर्यतीचं काय काम, असं काहीजणींना वाटेल. पण मी ज्या वस्तीत काम करते तिथं हा विषय टाळून पुढे जाता येत नाही. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आधाराने बजाजनगर वाढत गेलं. बीड, जालना, परभणीकडून आलेली माणसं दोन खोल्यांत संसार मांडून लाइनवर गाड्या जोडत राहिली. आता त्यांची मुलं मोबाइलवर गाड्यांच्या शर्यती बघतात. रविवारी मोरे चौकात चहाच्या टपरीवर उभं राहिलं की हॅमिल्टन, व्हर्स्टापेन, मार्केझ ही नावं गावाकडच्या चुलत्याचं नाव घ्यावं तशी घेतलेली ऐकू येतात.

मुलामुलींच्या एकत्र शिबिरात ‘घरातली कामं कोण करतं’ हा आपला नेहमीचा खेळ आता सगळ्यांना पाठ झाला आहे. ताईंना कोणतं उत्तर हवं हे पोरांना आधीच कळतं. म्हणून यावेळी मी वेगळाच प्रश्न टाकला. तुमचा आवडता ड्रायव्हर कोण, नावडता कोण, आणि का?

उत्तरं ऐकण्यासारखी होती. सगळ्यात जास्त वेगवान म्हणून अमुक आवडतो, असं फार थोड्यांनी सांगितलं. हॅमिल्टन आवडतो, कारण त्याच्या बापानं पोराच्या शर्यतीसाठी एकावेळी दोन-तीन नोकऱ्या केल्या. हे सांगणाऱ्या मुलाचे वडील डबल ड्यूटी करतात. मोटरसायकलच्या शर्यतीत ब्रॅड बाइंडर आवडतो, कारण तो केटीएम चालवतो आणि ‘केटीएम आपल्या कंपनीची आहे.’ पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. बजाजने २००७ साली या ऑस्ट्रियन कंपनीत भागीदारी घेतली, २०२५ मध्ये तिचा ताबाच घेतला. ड्यूक गाड्या चाकणला तयार होतात. बाइंडरने २०२० साली ब्रनोला केटीएमला मोटोजीपीतला पहिला विजय मिळवून दिला, त्याचा आनंद बजाजनगरच्या गल्लीत व्हावा यात मला काही हसण्यासारखं वाटत नाही. आपलं काहीतरी त्या माणसात दिसलं की तो आपला होतो. आवड अशीच तयार होते.

नावड जरा गुंतागुंतीची. मोटोजीपीत मार्क मार्केझला वर्षानुवर्षं शिव्या बसल्या. २०१५ साली मलेशियात त्याची आणि व्हॅलेंटिनो रॉसीची गाडी एकमेकींना लागली, मार्केझ पडला, रॉसीला पुढच्या शर्यतीत शेवटून सुरुवात करण्याची शिक्षा झाली आणि विजेतेपद त्याच्या हातून गेलं. रॉसीचे चाहते ते विसरले नाहीत. मार्केझ समोर आला की हुर्यो उडवायची, हा रिवाजच पडला. मग २०२० मध्ये मार्केझचा हात मोडला, चार शस्त्रक्रिया झाल्या, तो संपला असं सगळे म्हणाले, आणि २०२५ साली तो पुन्हा विश्वविजेता झाला. कालपर्यंत हुर्यो उडवणाऱ्यांतल्या अनेकांचा सूर बदलला. आमच्या गटातला एकजण म्हणाला, “आधी नव्हता आवडत, आता आवडतो. लय सोसलं त्यानं.” पुरुषाच्या गोष्टीला असा दुसरा भाग असतो. खलनायक म्हणून सुरू झालेला माणूस पुढे नायक होऊ शकतो.

पण नावडीची आणखी एक जात आहे. तू असा वागलास म्हणून आवडत नाहीस, असं ती सांगत नाही. ‘तू इथं आलासच कसा’ असं ती विचारते. हॅमिल्टन हा फॉर्म्युला वनमधला पहिला काळा ड्रायव्हर. २००८ च्या फेब्रुवारीत बार्सिलोनाला काही प्रेक्षक तोंडाला काळं फासून, ‘हॅमिल्टनचं कुटुंब’ म्हणून मिरवत आले होते. हे मी सांगितलं तेव्हा खोली गप्प झाली. आमच्या गटातल्या बऱ्याच मुलांना हा प्रश्न कशातून येतो ते समजावून सांगावं लागत नाही. गावातल्या विहिरीपासून त्यांच्या घरात तो चालत आला आहे.

मग मी विचारलं, बाई ड्रायव्हर कुणाला माहीत आहे? एकही नाव आलं नाही. ॲना कारास्कोने २०१८ साली पुरुषांच्या बरोबरीने शर्यती करून सुपरस्पोर्ट ३०० चं विश्वविजेतेपद एका गुणाने जिंकलं, हे रात्ररात्र मोटोजीपी बघणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. फॉर्म्युला वनमध्ये गुण मिळवणारी आजवरची एकच बाई, इटलीची लेला लोम्बार्डी. तिला १९७५ साली अर्धा गुण मिळाला, तोही शर्यत मधेच थांबवली गेल्यामुळे अर्धा. १९७६ नंतर एकही बाई त्या शर्यतीत उतरलेली नाही. शेवटी मी पुण्याच्या डायना पुंडोलेचं नाव सांगितलं. २०२४ साली तिने मोटारशर्यतीचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, असं करणारी ती देशातली पहिली बाई, तिला दोन मुलं आहेत. लगेच प्रश्न आला: “मग पोरं कोण सांभाळतं?”

२०२५ च्या मे महिन्यात व्हर्स्टापेनला मुलगी झाली आणि लगेच मायामीत त्याने सगळ्यात पुढची जागा पटकावली. ती बातमी या मुलांनी पाहिली होती. तेव्हा हा प्रश्न कुणाच्याही मनात आला नव्हता.

आणखी एक जोडी मी त्यांच्यासमोर ठेवली. २०१० साली इंडियानापोलिसच्या पात्रता फेरीत डॅनिका पॅट्रिकची गाडी नीट चालली नाही. दोष माझा नाही, गाडीचा आहे, असं ती म्हणाली आणि मैदानातल्या प्रेक्षकांनी तिची हुर्यो उडवली. २०१५ साली जपानमध्ये फर्नांडो अलोन्सोने चालत्या शर्यतीत आपल्या इंजिनाला खालच्या दर्जाच्या शर्यतीतलं इंजिन म्हटलं, तेही ते इंजिन बनवणाऱ्या होंडाच्या मालकीच्या ट्रॅकवर. चाहते अजून ते वाक्य हसत हसत, प्रेमानं म्हणतात. तक्रार एकच. त्याचा तो बाणेदारपणा, तिची ती कुरकुर. यात बायका वेगळ्या नाहीत हेही लिहायला हवं. हीच जोडी मी बचतगटात सांगितली तेव्हा पहिली प्रतिक्रिया “बाईनं जरा दमानं बोलावं” अशीच होती.

आमच्या गटातली एक मुलगी, वय एकोणीस, एका कारखान्यात कंत्राटावर आहे. तिला शार्ल लेक्लेर आवडतो. टायर कितव्या फेरीला बदलायला हवे होते, पाऊस येणार असताना संघाने कसा घोळ घातला, हे तिने मुलांपेक्षा नेमकं सांगितलं. मुलं खिदळली, “थोबाड बघून आवडतो हिला.” म्हणजे ट्रॅकवरच्या बाईला जागा नाहीच, आणि ट्रॅकबाहेरच्या बाईची आवडसुद्धा खरी धरायची नाही. मुलांना गाडी कळते, मुलींना फक्त गाडीवरचा मुलगा दिसतो! हे पोरांच्या डोक्यात आपोआप आलेलं नाही. २००१ साली पल्सर बाजारात आली तेव्हा तिची जाहिरातच ‘डेफिनिटली मेल’ अशी होती, अस्सल मर्द गाडी. आणि २०१६ साली त्याच बजाजची डोमिनार चाकणला जोडली जाऊ लागली, तेव्हा त्या लाइनवर सगळ्या बायका होत्या. इंजिन बसवायला बाई चालते.

त्या मुलीच्या घरी मोटरसायकल आहे. भावाच्या नावावर. हप्त्यातले काही पैसे तिच्या पगारातून जातात. ती स्वतः रात्री शेअर रिक्षातून, तीन अनोळखी पुरुषांशेजारी अंग चोरून येते. किल्ली मागितली तर आई म्हणते, “पडलीस तर लग्नाचं काय?” भाऊ पडला होता. दोन टाके पडले, आणि महिनाभर तो मित्रांना कौतुकाने ते दाखवत होता.

शिबिरानंतर सहाजणींनी शिकाऊ लायसन्स काढलं. एका कार्यकर्तीच्या जुन्या स्कूटीवर रविवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर त्या शिकतात. पहिल्या दोन रविवारी कठड्यावर बसून शिट्ट्या मारणारी पोरं होती. तिसऱ्या रविवारी त्यातलाच एकजण खाली उतरून क्लच कसा सोडायचा ते दाखवायला लागला. स्कूटीला क्लच नसतो हे मुलींनीच त्याला सांगितलं.

तुमच्या गटात हा प्रश्न विचारून पाहा आणि आलेली उत्तरं आम्हाला कळवा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे. लेक्लेरवालीची पक्क्या लायसन्सची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. तिला ती गिअरच्या गाडीवरच द्यायची आहे. भावाने गाडी द्यायला अजून होकार दिलेला नाही.