'छान आहे' पुरे झालं!

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. ज्यांच्याशी भांडायचं आहे ते बहुतेक सगळे हे वाचणारच आहेत, म्हणून आधीच सांगून टाकते. मग फोन करून 'माझ्याबद्दल लिहिलंस का?' असं विचारू नका. हो, तुमच्याबद्दलच लिहिलंय.

गेल्या दिवाळीत मी मुलांसाठी लिहिलेल्या १२ गोष्टींची फाइल तुम्हा सगळ्यांना पाठवली होती. ८४ पानं. मी वहीत लिहिलेल्या आणि भाच्याने रात्री जागून टाइप केलेल्या. आठवड्याभरात १४ जणांची उत्तरं आली. 'फारच छान', 'डोळ्यांत पाणी आलं', 'आता पुस्तक काढाच', 'आमच्या लहानपणी असं कुणी लिहिलं असतं तर!' भाच्याने एक गोष्ट मोबाइलमधल्या चॅटबॉटलाही वाचायला दिली. त्यानेही 'हृदयस्पर्शी' म्हटलं. घरचाच झाला की तो!

मी हुरळले. तीच फाइल एका प्रकाशकाकडे पाठवली. चौथ्या दिवशी फोन. "बाई, फार संस्कारक्षम लेखन आहे. आजच्या पिढीला याचीच गरज आहे." आणि त्याच दमात पुढचा हिशेब: ३०० प्रती, खर्च माझा, त्यातल्या निम्म्या प्रती मीच घ्यायच्या, एका नामवंतांची प्रस्तावना ते मिळवून देणार, समारंभाच्या हॉलचं भाडं वेगळं. पैसे भरले की महिन्याभरात पुस्तक हातात. मी पासबुकही काढून बसले होते, खोटं कशाला सांगू?

सूनबाईंनी मोडता घातला. त्यांच्या ओळखीत एक बाई आहेत, मुलांच्या पुस्तकांचं संपादन करण्यात त्यांचा जन्म गेलाय. आता घरून हस्तलिखितं वाचून लेखी अभिप्राय देतात. फी ६ हजार रुपये. "आधी त्यांना दाखवा, मग काय ते ठरवा," सूनबाई म्हणाल्या. मनात म्हटलं, ३४ वर्षं मुलांना मराठी शिकवलं, मला आता कोण शिकवणार? पण पाठवलं. तिथेही 'छान'च येणार, याची खात्री होती.

पाच आठवड्यांनी सात पानी पत्र आलं. पहिलंच वाक्य असं: 'सहावी गोष्ट पान ४१ वर अर्ध्या वाक्यात तुटते. पुढची पानं पाठवायची राहिली आहेत का?'

फाइल उघडून पाहिली. ओढ्याला पाणी चढतंय, पोरगा पलीकडच्या काठावर अडकलाय, आणि 'तेवढ्यात त्याला' इथे पान संपतं. पान ४२ वर सातवी गोष्ट सुरू! माझ्या वहीतली तीन पानं टाइप करायची राहून गेली होती. भाच्याची चूक नाही, झोपेत होता बिचारा. टाइप झाल्यावर मीच पुन्हा वाचायला हवं होतं.

पण मंडळी, १४ जण! डोळ्यांत पाणी आलेले १४ जण! ते पोरगं आजतागायत ओढ्याकाठी उभं आहे आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की पुढे त्याचं काय झालं? आणि तो प्रकाशक, जो पुस्तक छापायला निघाला होता? महिन्याभरात ते पान तसंच छापून माझ्या हातात पडलं असतं, प्रस्तावनेसकट.

म्हणून म्हणते, 'छान आहे' हा अभिप्राय नव्हे. ती पोच आहे. पत्र मिळालं, आनंद झाला, या जातीची. माणसं प्रेमापोटी देतात, मान्य. पण त्या प्रेमाचा भुर्दंड शेवटी कुणाला पडतो? पुस्तक ज्याच्या हातात जातं त्या आठ वर्षांच्या मुलाला. मोठा माणूस कंटाळला तर पुस्तक मिटतो आणि लेखकाला नावं ठेवतो. मूल स्वतःला नावं ठेवतं. 'मला वाचायला आवडत नाही' असं म्हणणारी किती मुलं मी वर्गात पाहिली. त्यांच्या हातात काय दिलं होतं, हे आम्ही शिक्षकांनी कधी तपासलं नाही.

आता पत्राबद्दल. पहिले दोन दिवस मी ते उशीखाली ठेवलं होतं. रागाने. 'बाळांनो' हा शब्द मी ८४ पानांत ३७ वेळा वापरलाय, हे त्यांनी मोजून लिहिलं होतं. बाराच्या बारा गोष्टींत आई स्वयंपाकघरातच का आहे, असंही विचारलं होतं. (मी स्वतः ३४ वर्षं डबा घेऊन सकाळची शाळा गाठली, आणि माझ्या गोष्टीतली एकही आई घराबाहेर पडत नाही. हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.) चित्रात जे आपोआप दिसणार ते शब्दांत कशाला, असं आठ ठिकाणी. गोष्टी नक्की कुणासाठी, सहा वर्षांच्या की दहा वर्षांच्या, हा प्रश्न तर तीनदा. प्रथम बुक्सच्या पुस्तकांना पातळ्या असतात, पहिली साधारण अडीचशे शब्दांपर्यंत, दुसरी सहाशेपर्यंत, तिसरी दीड हजारापर्यंत, हे मला तेव्हा कळलं. माझी सगळ्यांत 'छोट्यांची' गोष्ट १९०० शब्दांची निघाली! एकेका गोष्टीचं वेगळं चित्रपुस्तक करायचं तर छपाई १६ पानी फर्म्याच्या हिशेबाने चालते, तेव्हा १६, २४ किंवा ३२ पानांत गोष्ट बसवून बघा, कुठल्या पानावर काय घडतं ते कागदावर आखा, असंही त्यांनी सुचवलं होतं.

सगळ्यांत झोंबलं ते तिसऱ्या गोष्टीबद्दलचं. एक मुलगा मित्राचा वासाचा खोडरबर उचलतो, रात्रभर त्याला झोप लागत नाही, सकाळी प्रार्थनेच्या वेळी तो गुपचूप दप्तरात परत ठेवतो. मग बाई वर्गाला प्रामाणिकपणाबद्दल चार शब्द सांगतात. त्या चार शब्दांच्या झाल्या होत्या १४ ओळी. समासात शेरा: 'रबर दप्तरात गेला तिथे गोष्ट संपली. पुढे तुम्ही वर्गात बोलताय.'

मी चिडले. म्हटलं, बघूच. माझी एक जुनी विद्यार्थिनी जवळच्याच जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिच्याकडे तिसरीच्या दोन तुकड्या आहेत. एका तुकडीत मी गोष्ट १४ ओळींसकट वाचली, दुसरीत त्या गाळून. पहिल्या तुकडीत रबर परत गेला आणि मुलं दप्तरं आवरायला लागली. बाई बोलत होत्या, म्हणजे गोष्टीतल्याही आणि खऱ्याही, पण ऐकत कुणी नव्हतं. दुसऱ्या तुकडीत मी थांबले. क्षणभर शांतता. मग एका मुलीने विचारलं, "पण ज्याचा रबर होता त्याला कळलं का?" झालं! 'कळलं असणार, रबर झिजला असेल', 'नाही कळलं', 'मग आता सांगायचं की नाही सांगायचं?' दहा मिनिटं नुसता गदारोळ. प्रामाणिकपणावर माझ्या १४ ओळींत जे नव्हतं ते त्या पोरांनी काढलं.

१४ ओळी कापल्या. हात थरथरला, पण कापल्या.

हे घरात सांगितल्यावर दादा म्हणाला, "पैसे देऊन शिव्या खाल्ल्यास." वन्संचं म्हणणं, शुद्धलेखन तपासून घेतलं असतं तरी पुरलं असतं. इथेच तर आपला घोळ आहे! मुद्रितशोधन वेगळं आणि संपादन वेगळं. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघेल, 'आणि'चा 'णि' पहिला की दुसरा ते सांगेल. गोष्टीतलं पोरगं ओढ्याकाठी का उभं आहे, हे विचारणं त्याचं काम नाही. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी, मुलांच्या पुस्तकांत तर विशेष, पहिल्यालाच दुसरं समजतात. मराठीला संपादनाचं वावडं आहे असंही नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन 'सत्यकथे'साठी लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेत, याच्या आठवणी लेखकांनीच लिहून ठेवल्या आहेत. ते मासिक १९८२ साली बंद पडलं, दबदबा अजून आहे. मोठ्यांच्या कथेसाठी एवढी चिकित्सा, आणि लहानांसाठी लिहिलेलं 'गोड आहे' म्हणून तसंच पुढे! का? लहान मूल पत्र लिहून तक्रार करत नाही म्हणून?

कुणीतरी साने गुरुजींचं नाव काढणार, ते आधीच घेते. 'श्यामची आई' त्यांनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत पाच दिवसांत लिहिली, तिथे कुठे होता संपादक? नव्हता. पण ते साने गुरुजी होते. मी नाही. माझ्या माहितीतल्या कुठल्याच निवृत्त शिक्षक लेखकाला मी त्या यादीत घालणार नाही, राग आला तरी चालेल.

संपादक सांगेल ते सगळं ऐकावं असंही माझं म्हणणं नाही. त्या बाईंनी 'परडं' काढून 'अंगण' करा असं लिहिलं होतं, शहरातल्या मुलांना कळावं म्हणून. मी नाही केलं. अंगण घराच्या पुढे, परडं मागे. अंगणात पाहुणे बसतात, परड्यात अळूची पानं असतात आणि पोरं लपतात. माझी गोष्ट लपण्याची आहे. तसं त्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं: 'मग हे गोष्टीत येऊ द्या, शब्द राहू दे.' बघा, भांडण झालं तरी गोष्टीचं भलंच झालं. ज्याने फाइल उघडलीच नाही त्याच्याशी असं भांडता तरी येतं का?

आणि हो, या धंद्यातही भामटे असणारच. अभिप्रायाचे पैसे घेऊन वर 'पुस्तकही मीच काढून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. आधी एकच गोष्ट पाठवा, तिच्यावर काय लिहून येतं ते पाहा, मग बाकीच्या द्या. ६ हजार मला जड गेले, पेन्शनीत जातातच. पण प्रकाशकाने सांगितलेल्या रकमेपुढे ते काहीच नव्हते, आणि तिकडे मला मिळाली असती शाल, श्रीफळ आणि पलंगाखाली दीडशे प्रती.

सध्या १२ गोष्टींच्या ७ झाल्या आहेत. खोडरबराची दोन पानांची राहिली. एक आई एस.टी.त कंडक्टर झाली आहे. ओढ्याची गोष्ट चौथ्यांदा लिहितेय, कारण ती हरवलेली तीन पानं वहीतून काढून वाचली तेव्हा कळलं की तिथे गावचे सरपंच येऊन पोराला वाचवतात आणि मग भाषण करतात. आता सरपंचांना घरी पाठवलंय. पोराने स्वतःच काहीतरी करायचं आहे, आणि काय ते मला अजून सापडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तुमच्या घरी दुसरी ते चौथीतलं कुणी पोर असेल तर मला कळवा. येऊन ओढ्यापर्यंतची गोष्ट वाचून दाखवीन आणि थांबेन. मोठ्यांनी चहा करावा. मध्ये बोलू नये.