शुल्क कोणाच्या नावावर, भार कोणाच्या खांद्यावर?

27 ऑगस्ट 2025 रोजी घरोघरी गणपतीची प्रतिष्ठापना झाली. जैन समाजात ते पर्युषण पर्वाचे दिवस होते. त्याच दिवसापासून अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरील वाढीव आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेले. त्यातील 25 टक्के 7 ऑगस्टपासून लागू होतेच. भारत रशियाकडून खनिज तेल घेतो, हे कारण देऊन आणखी 25 टक्के लावण्यात आले. औषधे, मोबाइल फोन अशा काही वस्तू वगळल्या गेल्या. कापड, टॉवेल, दागदागिने, पैलू पाडलेले हिरे हा माल मात्र त्यात सापडला, आणि या मालाच्या व्यवहारात जैन कुटुंबांचा वाटा किती मोठा आहे, हे निराळे सांगावयास नको.

सोमाटणे फाट्यापासून तळेगाव दाभाड्यापर्यंतच्या व्यापारी घरांत तेव्हापासून अमेरिकेविषयी दोनच सूर ऐकू येतात. एक संतापाचा: अमेरिकेला आपली प्रगती पाहवत नाही. दुसरा धास्तीचा: मोठ्यांपुढे आपले काय चालणार? दोन्ही सुरांत एक गृहीत समान आहे. अमेरिका म्हणजे जणू एकच माणूस आणि त्याचे एकच मन. वस्तुस्थिती तशी नाही. या शुल्कावरून अमेरिकेतील सामान्य नागरिकांतच खोल दुफळी माजली. तो वाद व्यापारी कुटुंबाला परका वाटण्याचे कारण नाही, कारण त्याच्या मुळाशी पेढीवरचाच जुना प्रश्न आहे: कर एकाच्या नावावर पडतो, पण भरतो कोण?

हिशेब साधा आहे. सोलापूरहून 1000 डॉलरचे टॉवेल न्यूयॉर्कच्या बंदरात उतरले, तर 50 टक्क्यांप्रमाणे वाढीव शुल्काचे 500 डॉलर सोलापूरचा कारखानदार भरत नाही, भारत सरकारही भरत नाही. ते भरतो माल सोडवून घेणारा अमेरिकन आयातदार, आणि ती रक्कम जमा होते अमेरिकेच्याच तिजोरीत. त्यानंतर खरी ओढाताण सुरू होते. आयातदार सोलापूरकडे सूट मागतो, काही भाग आपल्या नफ्यातून सोसतो आणि उरलेला गिऱ्हाइकाच्या किमतीत मिळवतो. कोणाच्या वाट्याला किती येणार, हे ज्याची गरज जास्त त्यावर ठरते. म्हणूनच ‘हा कर परदेश भरतो’ हे विधान जितके अपुरे, तितकेच ‘हा कर केवळ अमेरिकन गिऱ्हाईक भरतो’ हेही अपुरे.

सोमाटण्याच्या रहिवाशाला हे समजण्यास अर्थशास्त्राचे पुस्तक उघडावे लागत नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरील टोल नाका त्याच्या दारातच आहे. मालवाहू ट्रकच्या फास्टॅगमधून पैसे कापले जातात, पावती वाहनमालकाच्या नावाची असते. तथापि तो खर्च भाड्यात मिळतो, भाडे मालाच्या किमतीत मिळते आणि अखेरीस तो किराणा घेणाऱ्या गृहिणीच्या पिशवीतून जातो. सोमाटणे आणि वरसोली या दोन नाक्यांमधील अंतर 60 किलोमीटरपेक्षा कमी आहे, म्हणून एक नाका नियमबाह्य ठरतो, हा नागरिकांचा आक्षेप होता. त्यासाठी मार्च 2023 मध्ये येथे उपोषण आणि आंदोलनही झाले. त्या आंदोलनाचा राजकीय रंग बाजूला ठेवला, तरी त्यातील प्रश्न नेमका होता: वसुली कोणत्या नियमाने?

आता अमेरिकेकडे वळू. हे शुल्क तेथे कोणाला हवे होते? केवळ सत्तेवरील पक्षाला, असे उत्तर देऊन चालणार नाही. ओहायो राज्यात लॉर्ड्सटाउन नावाचे छोटे गाव आहे. तेथे जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना 1966 पासून चालू होता. मार्च 2019 मध्ये त्यातून शेवटची मोटार बाहेर पडली. दोन-दोन पिढ्यांनी जेथे नोकरी केली, तेथे शांतता पसरली. पुढे विजेवर चालणारे ट्रक बनवू पाहणाऱ्या एका नव्या कंपनीने ती जागा घेतली. त्या कंपनीने 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. हे गाव ज्या ट्रम्बुल जिल्ह्यात येते, त्याने अनेक दशके डेमोक्रॅटिक पक्षाला साथ दिली होती; 2016 मध्ये तो डोनाल्ड ट्रम्प यांच्याकडे वळला. परदेशी मालावर कर बसला की कारखाने परत येतील, ही आशा अशा गावांतून उगवली आहे.

मावळातील वाचकाला ही कथा ओळखीची वाटेल. त्याच जनरल मोटर्सने 2008 मध्ये तळेगावला कारखाना सुरू केला. 2017 च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबवली. त्यानंतर येथे फक्त निर्यातीसाठी मोटारी बनत राहिल्या. डिसेंबर 2020 मध्ये तेही थांबले. कामगारांची संघटना न्यायालयात गेली, बोलणी लांबली. एवढा मोठा कारखाना बंद पडतो, तेव्हा त्याची झळ कामगारांपुरती राहत नाही. घरभाडे, किराणा, वाहनांचे हप्ते, शाळेची फी, या सगळ्यांची साखळी त्या पगाराला जोडलेली असते. ज्या दुकानदाराच्या वहीत महिन्याच्या उधारीची खाती असतात, त्याला कारखान्याचा भोंगा बंद झाल्याचा अर्थ सर्वांआधी कळतो. ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाई कंपनीने हा कारखाना घेण्याचा करार केला आणि 2025 मध्ये तेथे पुन्हा उत्पादन सुरू झाले. तळेगावला दुसरी संधी लाभली. लॉर्ड्सटाउनला तशी ती लाभली नाही. म्हणून ओहायोतील कामगाराचा रोष मावळाने तरी हसण्यावारी नेऊ नये. त्याचा उपाय चुकला असेल, पण त्याचे दुःख खोटे नव्हते.

दुसऱ्या बाजूला तेथील छोटे व्यापारी उभे राहिले. इलिनॉय राज्यात लर्निंग रिसोर्सेस नावाची एका कुटुंबाची कंपनी आहे. मुलांना अंक, अक्षरे आणि विज्ञान शिकवणारी खेळणी ती विकते; ती खेळणी मुख्यतः आशियात तयार होतात. एप्रिल 2025 मध्ये चिनी मालावरील शुल्क 145 टक्क्यांपर्यंत चढले, तेव्हा प्रश्न नफ्याचा न राहता पेढी टिकण्याचा झाला. त्याच महिन्यात ही कंपनी न्यायालयात गेली. न्यूयॉर्कमधील एक कौटुंबिक आयातदार, व्हर्मॉन्ट राज्यात स्त्रियांसाठी सायकलस्वारीचे कपडे विकणारी कंपनी, व्हर्जिनियात मुलांसाठी विद्युत-संच बनवणारा उद्योग अशा पाच छोट्या पेढ्यांनी मिळून दुसरा दावा दाखल केला. पुष्कळ बड्या कंपन्या त्या काळात मौन पाळून होत्या. सत्तेची खप्पामर्जी कोण ओढवून घेणार, हा विचार तेथेही असतोच.

या व्यापाऱ्यांचा युक्तिवाद लक्ष देण्याजोगा आहे. शुल्क चांगले की वाईट, हा वाद त्यांनी न्यायालयासमोर घातलाच नाही. त्यांनी एवढेच विचारले की हा अधिकार कोणत्या कायद्याने मिळाला? अमेरिकेच्या राज्यघटनेने कर लावण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तेथील संसदेला दिला आहे. राष्ट्राध्यक्षांनी आधार घेतला होता तो आणीबाणीच्या प्रसंगी आर्थिक निर्बंध घालण्यासंबंधीच्या 1977 च्या कायद्याचा. त्या कायद्यात शुल्काचा उल्लेखच नाही, असे व्यापाऱ्यांचे म्हणणे होते. 28 मे 2025 रोजी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने पाच पेढ्यांच्या बाजूने निकाल दिला. 29 ऑगस्टला वरच्या न्यायालयाने 7 विरुद्ध 4 मतांनी तो उचलून धरला. 5 नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात दोन्ही दाव्यांची सुनावणी झाली आणि 20 फेब्रुवारी 2026 रोजी 6 विरुद्ध 3 मतांनी निर्णय आला: 1977 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना असे शुल्क लावण्याचा अधिकार दिलेला नाही. खेळणी विकणाऱ्या एका कुटुंबाचे नाव त्या खटल्याला कायमचे जोडले गेले.

यात सर्व काही संपले असे मात्र नाही. दुसऱ्या एका कायद्याच्या आधारे ठरावीक मुदतीचे नवे शुल्क लगोलग जाहीर झाले. भारतापुरते पाहता, फेब्रुवारीच्या आरंभीच उभय देशांत समझोता जाहीर होऊन 50 टक्क्यांचा भार पुष्कळ उतरला होता. परंतु मधल्या महिन्यांत ज्यांच्या मागण्या रद्द झाल्या, त्यांना त्या परत मिळाल्याच असे नाही.

कामगार आणि व्यापारी यांच्याखेरीज एक तिसरा घटकही होता, शेतकऱ्यांचा. अमेरिकेच्या ग्रामीण भागाने ट्रम्प यांना भरभरून मते दिली होती. शुल्काला उत्तर म्हणून चीनने 2025 च्या सुगीच्या तोंडावर अमेरिकन सोयाबीनची खरेदी जवळजवळ थांबवली, आणि आयोवा-इलिनॉयच्या शेतकऱ्यांना आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाची वाट पाहत बसावे लागले. ऑक्टोबरअखेर उभय देशांत बोलणी होऊन खरेदी पुन्हा सुरू झाली. डिसेंबरमध्ये सरकारने शेतकऱ्यांसाठी 12 अब्ज डॉलरचे साहाय्य जाहीर केले. एका हाताने आयातदाराकडून घ्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने शेतकऱ्याला द्यावयाचे, असा हा जमाखर्च झाला. तरीही त्यातील अनेक शेतकऱ्यांनी आपला राजकीय कौल बदलला नाही. तोटा झाला म्हणून निष्ठा लगेच ढळत नाही, हे आपल्याकडेही दिसते.

अनेकान्ताची शिकवण येथे केवळ प्रवचनापुरती राहत नाही. कामगाराच्या दृष्टीने शुल्क ही ढाल आहे. आयातदाराच्या दृष्टीने तो घाव आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने ढाल हाती घेताच गिऱ्हाईक निघून गेले. प्रत्येकाचे म्हणणे त्याच्या जागेवरून खरे आहे आणि एकट्याचे घेतले तर अपुरे आहे. याचा अर्थ सर्व मते सारखीच, असा नव्हे. अनेकान्त निर्णय टाळण्यास सांगत नाही. निर्णयापूर्वी सर्व बाजू तपासण्यास सांगतो. कारखाना गेल्याचे दुःख खरे मानूनही, त्याची किंमत खेळण्यांच्या दुकानदाराने संसदेला न विचारता भरावी का, हा प्रश्न उरतोच. आणि त्याचे उत्तर न्यायालयाने दिले.

मराठी मुलखातील व्यापाऱ्यांनाही असा अनुभव आहे. एप्रिल 2013 मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड येथे जकातीच्या जागी स्थानिक संस्था कर आला, तेव्हा बाजारपेठा बंद राहिल्या. कर भरण्यापेक्षा त्याचे विवरण, तपासणी आणि दंड यांना व्यापाऱ्यांचा अधिक विरोध होता. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. बंदने लक्ष वेधले जाते, परंतु त्याचा फटका रोजंदारीवरील हमालाला आणि फिरत्या विक्रेत्याला आधी बसतो. कागदपत्रे आणि आकडे घेऊन मांडलेल्या तक्रारीला वेळ लागतो, मात्र तिचा फटका तिसऱ्याच माणसाला बसत नाही. त्यासाठी पेढीचे हिशेब स्वच्छ असावे लागतात. ज्याची खतावणी स्वतःलाच दाखवता येत नाही, त्याने न्यायालयाचे दार कसे ठोठवावे?

या प्रकरणातून आणखी एक व्यावहारिक बोध निघतो. एकाच देशातील एकाच गिऱ्हाइकावर उभा असलेला धंदा वरून कितीही भरभराटीचा दिसला, तरी तो एका खांबावरचा तंबू असतो. मावळातील गुलाब उत्पादक व्हॅलेंटाइन दिनासाठी फुले पाठवतात ती युरोपात, जपानला आणि ऑस्ट्रेलियालाही. शिवाय देशातील बाजार त्यांच्या हाताशी असतोच. एक दार बंद झाले, तर दुसरे उघडे राहते. निर्यातदारांच्या साहाय्यासाठी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2025 मध्ये परदेशी विक्रीचे पैसे मायदेशी आणण्याची मुदत 9 महिन्यांवरून 15 महिने केली आणि ठरावीक क्षेत्रांतील निर्यात-कर्जाची मुदत 450 दिवसांपर्यंत वाढवण्यास मुभा दिली. हा दिलासा मोलाचा आहे. पण मुदत वाढली म्हणून कर्ज कमी होत नाही, व्याज चालूच राहते. अडचणीच्या काळात मिळालेला अवधी नवे गिऱ्हाईक शोधण्यासाठी वापरला, तरच तो कामी येतो.

अमेरिकेत पुढे कोणाची सत्ता येईल आणि कोणते शुल्क राहील, हे सोमाटण्यात बसून ठरणार नाही. येथे ठरणार आहे ते एवढेच, की उद्या एखादा कर, एखादा टोल किंवा एखादा आदेश दारी आला, तर घरातील कर्ता त्याविषयी केवळ संतापून गप्प बसणार, की वही उघडून तीन प्रश्न विचारणार: हा कोणत्या कायद्याने आला, भार प्रत्यक्ष कोणावर पडतो, आणि ज्यांना तो हवा आहे त्यांचे म्हणणे काय? इलिनॉयमधील त्या खेळणीवाल्या कुटुंबाने पहिला प्रश्न विचारला आणि तो तडीस नेला. तिसरा प्रश्न विचारण्याची परंपरा तर जैन घरांत त्याहून कितीतरी जुनी आहे.