तंजावरात उतरायचं कुठे?

बालमित्रांनो,

सुट्टी जवळ आली की घरात पहिला प्रश्न निघतो, ‘कुठे जायचं?’ या प्रश्नावर अख्खं घर भांडतं. मग दुसरा प्रश्न येतो, ‘उतरायचं कुठे?’ हा मात्र आई नाहीतर बाबा एकटेच कागद-पेन्सिल घेऊन सोडवत बसतात. आणि पुष्कळदा दुसरं गणित सुटत नाही म्हणून पहिलंही पाटीवरून पुसलं जातं. “राहायचं परवडणार नाही, पुढच्या वर्षी बघू,” हे वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा पाहू!

चौथीच्या वर्गातल्या एका मुलीनं मला विचारलं होतं, “बाई, आजीला तंजावर बघायचंय. बाबा म्हणतात, स्वस्त लॉजमध्ये आजीला झोप लागणार नाही आणि मोठं हॉटेल आपल्याला परवडणार नाही. मग आम्ही जायचंच नाही का?”

जायचं, नक्की जायचं! स्वस्त आणि शांत ही दोन्ही विशेषणं एकाच खोलीला लागू शकतात. फक्त अशी खोली आपोआप समोर येत नाही. ती चौकशी करून शोधावी लागते. आणि या शोधात तुम्ही मुलं मोठ्यांना खूप मदत करू शकता, बरं का!

आधी तंजावरच का, ते सांगते. तमिळनाडूतल्या या शहरात राजराज चोळ राजानं बांधलेलं बृहदीश्वराचं देऊळ आहे. ते १०१० साली पूर्ण झालं. म्हणजे त्याला हजार वर्षं होऊन गेली! त्याचं शिखर सुमारे ६० मीटर उंच आहे. १९८७ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. पुढे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावरला आपलं राज्य उभं केलं आणि भोसल्यांचं हे घराणं १८५५ पर्यंत तिथे नांदलं. त्याच देवळाच्या आवारात, भिंतीवर, १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा इतिहास आहे. तोही मराठीत! महाराष्ट्रापासून इतक्या दूर दगडावर आपली ओळखीची अक्षरं भेटतात, आहे की नाही गंमत? पण ती अक्षरं लावत वाचायची तर डोळे ताजे हवेत. रात्रभर हॉर्न ऐकून जांभया देत गेलात, तर शिलालेख म्हणजे नुसता दगड. खोली शांत असावी ती एवढ्यासाठी.

आता नकाशा उघडा. तंजावरचं नवं बसस्थानक शहरापासून चार-पाच किलोमीटर लांब आहे. जुनं बसस्थानक, रेल्वे स्टेशन, देऊळ आणि राजवाडा हे मात्र शहरात, एकमेकांपासून चालत जाण्याच्या टप्प्यात. खोली लांब घेतली तर भाडं कमी पडेल, असं आपल्याला पटकन वाटतं. चला, गणित करून बघू. आकडे मी सोपे मानले आहेत. तिथे गेल्यावर खरे आकडे घाला.

समजा, लांबची खोली दिवसाला ७०० रुपये. देवळाजवळची १,१०० रुपये. देऊळ दुपारी काही तास बंद असतं. शिवाय आत अनवाणी फिरायचं असतं आणि भर दुपारी तिथली फरशी चांगलीच तापते. म्हणून सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा, असं दोनदा जायचं. म्हणजे रिक्षाच्या चार फेऱ्या. एका फेरीचे १५० रुपये धरले तर झाले ६००. आता बेरीज करा. लांबची खोली पडली १,३०० रुपयांना आणि जवळची पडली १,१०० रुपयांना! कोणती स्वस्त? शिवाय जवळच्या खोलीत दुपारी येऊन आजीला दोन तास पाठ टेकता येते, ते वेगळंच. शहर बसनं गेलात तर लांबच्या खोलीचा खर्च उतरेल हे खरं, पण बसमध्ये चढ-उतार करणं सगळ्यांना जमतं का, तेही बघायला हवं. थोडक्यात काय, खोलीचं भाडं म्हणजे राहण्याचा सगळा खर्च नव्हे.

आणखी एक हिशोब आहे. तमिळनाडूत पुष्कळ लॉजमध्ये चोवीस तासांचा दिवस मोजतात. सकाळी सहाला खोली घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत ती आपली. काही ठिकाणी मात्र दिवस दुपारी बाराला संपतो. रात्रीच्या गाडीनं पहाटे उतरणाऱ्यांनी हे आधीच विचारावं. नाहीतर सहा तासांसाठी आख्ख्या दिवसाचं भाडं द्यावं लागायचं! आणि हो, तिथे पाटीवर नुसतं ‘हॉटेल’ लिहिलेलं दिसलं तर ते आपल्याकडच्यासारखं फक्त जेवणाचंही असू शकतं. राहायला ‘लॉज’ किंवा ‘लॉजिंग’ अशी पाटी शोधा. राज्य सरकारच्या पर्यटन महामंडळाची निवासस्थानंही असतात, त्यांचीही चौकशी करावी.

आता शांततेकडे वळू. स्टेशनपासून राजवाड्याकडे जाणाऱ्या गांधीजी रस्त्यावर लॉज पुष्कळ, आणि वाहनंही पुष्कळ. पण एकाच लॉजमध्ये रस्त्याकडची खोली वेगळी आणि मागच्या बाजूची वेगळी. पुष्कळदा भाडं तेच, झोप मात्र दुप्पट! म्हणून मागची खोली मागावी. लिफ्टला, जिन्याला किंवा स्वयंपाकघराला लागून असलेली नको. पाण्याच्या पंपाची मोटर कुठे आहे, तेही विचारावं. पहाटे पाचला ती सुरू झाली की कोंबड्याची गरज नाही!

शेजारी ‘कल्याण मंडपम्’ आहे का, हे जरूर बघा. कल्याण मंडपम् म्हणजे मंगल कार्यालय. तिथे लग्नांचे मुहूर्त बरेचदा पहाटेचे असतात आणि नादस्वरम् व तविल ही वाद्यं चांगली दणक्यात वाजतात. ऐकायला फार छान, पण उशाशी नकोत. तमिळ लोक मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, लग्नं ठेवत नाहीत. पण त्याच महिन्यात देवळांमधून भल्या पहाटे भक्तिगीतं लागतात. जानेवारीत पोंगलची गर्दी असते. जवळच्या तिरुवैयारू गावात त्यागराजांच्या स्मरणार्थ मोठा संगीत उत्सवही साधारण त्याच सुमारास होतो. त्या दिवसांत खोल्या मिळणं अवघड. दिवाळीच्या सुट्टीत तिकडे पाऊस असतो, कारण त्यांचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो. छत्री घेऊन जायची तयारी असेल तर जा, पण मोठा सण नाही ना, हे कॅलेंडरवर बघून घ्या.

पैसे देण्याआधी खोली बघायला मागा. यात लाजण्यासारखं काही नाही. आपण भाजीसुद्धा बघूनच घेतो की! खोलीत गेलात की एक खेळ खेळा. खिडकी उघडा. सगळ्यांनी गप्प उभं राहायचं आणि एकानं घड्याळात एक मिनिट मोजायचं. किती आवाज ऐकू आले, ते बोटांवर मोजा. मग खिडकी लावून पुन्हा एक मिनिट. दोन्ही वेळा बोटं पुरली नाहीत तर दुसरी खोली बघा! मोठ्यांनी तोवर दाराची कडी, नळाचं पाणी, पंखा आणि चादरी तपासाव्यात. आजी-आजोबा बरोबर असतील तर किती पायऱ्या चढायच्या आणि संडास कसा आहे, हेही बघावं.

तमिळ येत नाही म्हणून घाबरू नका. हे एक वाक्य पाठ करा, ‘सत्तम् इल्लाद रूम वेणुम्.’ सत्तम् म्हणजे आवाज, इल्लाद म्हणजे नसलेली, वेणुम् म्हणजे हवी. झालं, ‘आवाज नसलेली खोली हवी!’ मग विचारा, ‘एव्वळवु?’ म्हणजे ‘किती?’ आणि शेवटी ‘नंद्री’, म्हणजे ‘धन्यवाद’. परक्या गावात तिथल्या भाषेतले चार शब्द बोललात की समोरच्याचा चेहरा कसा खुलतो, ते बघाच.

मित्रांनो, प्रवाशानं झोपायचं कुठे, हा प्रश्न तंजावरच्या राजांनाही पडला होता. रामेश्वरला जाणारे असंख्य यात्रेकरू तंजावरच्या मुलखातून पायी जात. त्यांच्यासाठी भोसले राजांनी वाटेवर ‘छत्रं’ बांधली. आपल्या ‘अन्नछत्र’ शब्दातलं छत्र आठवा. यातल्या बऱ्याच छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावं होती. तंजावरपासून सुमारे २५ किलोमीटरवर ओरत्तनाडू इथे सरफोजीराजांनी मुक्तांबाळ यांच्या नावानं बांधलेलं छत्र आहे. त्याची इमारत आजही उभी आहे.

या छत्रांचा कारभार कसा चाले, ते सरफोजीराजांनी १८०१ साली इंग्रज रेसिडेंटला पत्रातून कळवलं होतं. येईल त्या प्रवाशाला, मग तो कोणत्याही जातीचा असो, जेवण मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून पुकारा होई की अजून कोणी उपाशी असेल तर या! आजारी प्रवाशावर वैद्य उपचार करत. तो बरा होईपर्यंत त्याला तिथे राहता येई. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे शिक्षकही असत. कोणा प्रवाशाचं मूल अनाथ झालं, तर त्याचं खाणंपिणं, कपडे आणि शिक्षण ही त्या शिक्षकाची जबाबदारी असे.

विचार करा, दोनशे वर्षांपूर्वीच्या थकलेल्या वाटसरूला ‘तुझ्याकडे पैसे किती?’ असं कोणी विचारत नव्हतं. आज आपल्याला भाडं द्यावं लागतं आणि ते योग्यच आहे. लॉज चालवणाऱ्यालाही पोट आहे. पण ज्याच्या खिशात थोडे पैसे आहेत, त्यालाही स्वच्छ अंथरूण आणि शांत झोप मागायचा हक्क आहे. तेव्हा कमी भाड्याची खोली मागताना मान खाली घालू नका. नम्रपणे विचारा, पण नीट विचारा.

आणि आता तुमची पाळी! शेजारच्या खोलीतही कोणाची तरी आजी झोपलेली असते. रात्री व्हरांड्यात पकडापकडी, दारांची आदळआपट, मोबाइलवर मोठ्यानं गाणी, हे सगळं आपण करायचं आणि शांत खोली मात्र मागायची, हे कसं चालेल? काही आवाज आपल्याला पैसे न देता बंद करता येतात. ते आपलेच असतात!

पालकांना एक विनंती. पुढच्या सहलीची खोली ठरवताना मुलांना शेजारी बसवा. बजेट किती आहे, ते त्यांना खरं खरं सांगा. मुलांना हिशोब कळला की ती हट्ट कमी करतात आणि मदत जास्त करतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

या आठवड्याचा गृहपाठ असा. तुम्हाला बघायचं असलेलं एक जुनं शहर निवडा. वहीच्या एका पानावर सात प्रश्न लिहा. बघायच्या जागांपासून खोली किती लांब आहे? जाण्या-येण्याचा खर्च किती? दिवस कसा मोजतात? खोली रस्त्याकडे की मागे? शेजारी काय आहे? त्या दिवसांत तिथे सण, उत्सव किंवा लग्नसराई आहे का? पायऱ्या किती? ते पान आई-बाबांना दाखवा आणि सातही उत्तरं मिळेपर्यंत त्यांच्याबरोबर बसा. कोणी सांगावं, ‘पुढच्या वर्षी बघू’ऐवजी ‘याच सुट्टीत जाऊ’ असंही ऐकायला मिळेल!

तुमच्याच,
बाई