ताप आला? कुठून आलात ते आधी सांगा!

आमच्या वस्तीतला एक फिटर नायजेरियात दोन वर्षे राबून ऐन पावसाळ्यात घरी परतला. बहिणीचे लग्न उरकायचे होते, घरावर स्लॅब टाकायचा होता. दहाव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली. नाक्यावरच्या दवाखान्यातून पावसाळी तापाच्या गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले, पोरगा बरळू लागला. रात्री त्याची आई आमच्या दारात आली. रिक्षात घालून आम्ही त्याला मोठ्या इस्पितळात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "गेल्या महिन्यात हे कुठे होते?" आईने आफ्रिकेचे नाव घेताच रक्त तपासायला गेले. फाल्सिपेरम जातीचा हिवताप निघाला. पोरगा वाचला, पण थोडक्यात.

आम्ही कारकून माणसे, रकाने भरण्यात आयुष्य चालले आहे. घरी आल्यावर पहिल्या दवाखान्याचा केसपेपर पाहिला. नाव, वय, तक्रार, सारे होते. कुठून आलात, हा रकानाच नव्हता. पण दोष एकट्या कागदाचा कसा म्हणावा? पोरगा परदेशाहून आला हे आपण साऱ्या वस्तीला सांगतो, डॉक्टरांना सांगायचे तेवढे राहून जाते.

फाल्सिपेरमचा डास चावला की ताप बहुधा 7 ते 30 दिवसांनी येतो. म्हणजे विमानातून उतरताना माणूस ठणठणीत असतो आणि घरी आल्यावर पडतो. उपचार लांबले तर हा ताप एका दिवसातही जिवावर बेततो. व्हायवॅक्स जातीचे जंतू यकृतात दडून राहतात व काही महिन्यांनी पुन्हा उठतात. "तिकडच्या डासांची सवय झाली" असे कुणी म्हणाले तर त्यावर विसंबू नये.

या बाबतीत शेजारच्या श्रीलंकेकडून शिकण्यासारखे आहे. 1963 साली तिथे हिवतापाचे रुग्ण अवघे 17 उरले होते. मग पहारा ढिला पडला आणि 1969 साली रुग्णसंख्या पाच लाखांवर गेली. पुन्हा कंबर कसून काम झाले. 2012 नंतर तिथे स्थानिक लागण थांबली व 2016 साली जागतिक आरोग्य संघटनेने त्या देशाला हिवतापमुक्त ठरवले. आता तिथे हा आजार येतो तो प्रवाशांबरोबर. त्यात आफ्रिकेत जाणारे रत्नांचे व्यापारी व शांतिसेनेचे सैनिक आहेत, तसेच बुद्धगयेसारख्या तीर्थस्थळांना भारतात येणारे उपासकही आहेत! तेथील सरकारी मोहीम जाणाऱ्यांना प्रतिबंधक गोळ्या देते आणि एक रुग्ण सापडला तरी आसपासच्या लोकांचे रक्त तपासते. आपल्याकडे तर हिवताप अजून आहे आणि तो पसरवणारा डासही आहे. बाहेरून आलेल्या रुग्णाला चावलेला डास पुढे शेजाऱ्याच्या घरात शिरणारच.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना आमची विनंती. आफ्रिकेत कामाला जाणाऱ्याने निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात, मच्छरदाणी बरोबर न्यावी. गोळ्या परतल्यावर लगेच सोडू नयेत. औषधाप्रमाणे त्या पुढे 1 ते 4 आठवडे घ्याव्या लागतात. परतल्यावर वर्षभरात केव्हाही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. पहिल्या तपासणीत काही निघाले नाही आणि ताप राहिलाच, तर पुन्हा तपासावे. ताप उतरला म्हणून औषध अर्धवट टाकू नये. घरातली पाण्याची टाकी, पिंप झाकून ठेवावे. आणि आजारी माणसाला वाळीत टाकू नये. हा आजार शिवाशिवीने होत नाही.

आमच्या फिटरच्या बहिणीचे लग्न झाले, स्लॅब मात्र राहिला. पैसा इस्पितळात गेला. तो आता पुन्हा निघायच्या तयारीत आहे. त्याच्या आईने पासपोर्टच्या पाकिटात एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तीवर आम्हीच तिच्या सांगण्यावरून लिहिले आहे : "ताप आला तर आधी सांग, मी कुठून आलो."