यंत्राला माणसाचा देह कशासाठी?

रोबोला आपण मराठीत 'यंत्रमानव' म्हणतो आणि अर्धा वाद तिथेच हरतो. मूळ शब्दात मानव नाही. कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या 'आर. यू. आर.' या नाटकातून तो जगभर गेला. सुचवला होता त्याच्या भावाने, योसेफने. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. शब्द कामाबद्दल आहे, रूपाबद्दल नाही. नाटकातले रोबो दिसायला माणसासारखे होते हे खरे, पण रंगमंचावर त्या भूमिका नटांनीच करायच्या होत्या.

दोन हात, दोन पाय आणि मान असलेल्या यंत्रांवर आज अफाट पैसा ओतला जातो आहे. त्यामागचा पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून तो नीट मांडतो. जिने, दारांच्या मुठी, पान्हे, गाडीचे स्टिअरिंग, सारे माणसाच्या मापाने घडले आहे. सगळे जग बदलण्यापेक्षा यंत्रच त्या मापाचे करावे, असे हे म्हणणे.

त्याची परीक्षा होऊन गेली आहे. फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर अमेरिकेच्या संरक्षण खात्यातील 'डार्पा' या संस्थेने स्पर्धा जाहीर केली. अंतिम फेरी जून २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे झाली. यंत्राने गाडी चालवत यायचे, उतरायचे, दार उघडायचे, व्हॉल्व्ह फिरवायचा, भिंतीला भोक पाडायचे, राडारोडा ओलांडायचा, जिना चढायचा. एकामागून एक यंत्रे आडवी झाली. २० लाख डॉलरचे पहिले बक्षीस दक्षिण कोरियातल्या 'काइस्ट' विद्यापीठाच्या ह्यूबोने नेले. सगळी कामे त्याने ४५ मिनिटांच्या आत उरकली. सपाट जागेवर तो गुडघे टेकून बसायचा आणि गुडघ्यांशी बसवलेल्या चाकांवर सरकायचा. जिन्यासारख्या जागी तेवढा पायांवर उभा राहायचा. माणसासाठी बांधलेल्या जागेतली शर्यत ज्याने जिंकली, त्याने माणसाची चाल शक्य तिथे सोडून दिली होती.

यावर कोणी म्हणेल, त्याला आता कितीतरी वर्षे झाली, आजची यंत्रे कोलांटउड्या मारतात. मारतात, आणि ते पाहताना मीही थक्क होतो. पण सतत वीज खर्चून तोल सावरणारे उंच, जड यंत्र वीज तुटताच ढासळते. शेजारी माणूस काम करत असेल, तर ही गोष्ट किरकोळ नव्हे.

माझे म्हणणे असे, की यंत्राचा देह कामातून घडावा, आणि कामाचा काही भार त्या देहालाच उचलू द्यावा. १९९० मध्ये कॅनडात टॅड मॅकगीर यांनी असे पाय बनवले, की त्यांना ना मोटार, ना संगणक. हलक्या उतारावर सोडले की ते चालू लागत. लांबी, वजनाची वाटणी आणि तळव्याची गोलाई इतकी नेमकी, की पाऊल टाकण्याची अक्कल सांगाड्यातच मुरलेली. हाच धागा कॉर्नेल विद्यापीठात अँडी रुइना यांच्या गटाने पुढे नेला. त्यांच्या 'रेंजर'ला चार पाय, जोडीजोडीने हलणारे. धड नाही, हात नाहीत. मे २०११ मध्ये ते एकदाच चार्ज केलेल्या बॅटरीवर ६५ किलोमीटर चालले, जवळजवळ ३१ तास, १,८६,०७६ पावले.

हाताचेही तसेच. पाच बोटांचा पंजा बनवायचा तर प्रत्येक सांध्याला चालवणारे काहीतरी हवे आणि प्रत्येक वस्तूसाठी पकडीचा हिशेब. २०१० मध्ये कॉर्नेल, शिकागो विद्यापीठ आणि आयरोबोट कंपनीतल्या संशोधकांनी फुग्यात कॉफीची पूड भरली. फुगा वस्तूवर दाबला की पूड तिच्याभोवती पसरते. आतली हवा शोषली की कण एकमेकांत अडकून घट्ट होतात आणि वस्तू उचलली जाते. हवा काढलेले कॉफीचे पाकीट विटेसारखे कडक लागते आणि कापताच सैल पडते, तीच ही किमया. बोट एकही नाही, आणि आकाराचा हिशेब पूडच करते.

आता 'जग माणसाच्या मापाचे आहे' या मुद्द्याकडे पुन्हा येतो. रस्त्यावरच्या मॅनहोलचे तर नावच माणसावरून पडले आहे. त्याचे तोंड माणूस उतरेल एवढे, आणि आत विषारी वायू. हाताने मैला उपसण्याच्या प्रथेवर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी माणसे आत उतरतात आणि गुदमरून मरतात. पूर्वपक्षाचा नियम इथे लावला तर आत माणसासारखेच काहीतरी सोडायला हवे. केरळमधल्या जेनरोबोटिक्सच्या तरुण अभियंत्यांनी तसे केले नाही. २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये कामाला लागलेले त्यांचे यंत्र मॅनहोलमध्ये उतरते, पाय पसरून स्वतःला स्थिर करते आणि हाताने गाळ काढून बादलीत भरते. चालवणारा कामगार वर रस्त्यावर, मोकळ्या हवेत, पडद्यावर पाहत उभा असतो. यंत्राचे नाव 'बँडिकूट', म्हणजे घूस.